काऊबॉयांची कवायत

माझे सासरे नागपूरच्या एका शाळेत चौतीस वर्षं पी.टी.चे सर होते. सासूबाई गेल्या, आणि दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात नवऱ्याने त्यांना सहा महिन्यांच्या व्हिजावर इंग्लंडात, मेडनहेडला आमच्याकडे आणलं. दोनच महिन्यांत त्यांनी जाहीर केलं की मला परत जायचंय. कारण विचारलं तर म्हणाले, "इथं मी काय करून राहिलो, तूच सांग बरं." नवऱ्याने दोन दिवस तोंड पाडलं. मग ठरलं की सोमवारी एअरलाइनला फोन करून तिकीट त्याच गुरुवारचं करून घ्यायचं. फोन अर्थातच मी करायचा. या घरातले सगळे नकोसे फोन मीच करते.

खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. बाबा त्रास देत नव्हते. दिला असता तर भांडता तरी आलं असतं. ते दिवसभर खिडकीत खुर्ची टाकून बसायचे, विचारलं तर "ठीक आहे" म्हणायचे आणि जेवण झालं की स्वतःचं ताट असं लख्ख घासून ठेवायचे की माझाच अपमान झाल्यासारखा वाटायचा. पण मनात धाकधूकही होती. तिकडे रिकाम्या घरात हे एकटे राहणार, आणि इकडे सगळं नातलगमंडळ म्हणणार, सुनेला दोन महिने सासरा जड झाला.

म्हणून शेजारच्या आजोबांनी विचारलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. ते इंग्रज, निवृत्त बसड्रायव्हर. बायकोच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्यांच्याकडे कंट्री म्युझिकच्या, म्हणजे काऊबॉयी गाण्यांच्या, फेस्टिव्हलचं एक तिकीट उरलं होतं. ते बाबांना, आणि दुभाषी म्हणून सोबत मी, वेगळं तिकीट काढून. नवरा ऑन-कॉल होता, म्हणजे सुटला. शनिवारी सकाळी आजोबा दारात उभे राहिले ते गुडघ्यापर्यंत बूट, झालरीचं जाकीट आणि हॅट घालून. एरवी मी त्यांना कार्डिगनमध्ये कचऱ्याचा डबा बाहेर ठेवतानाच पाहिलेलं. बाबांनी त्यांना खालून वर न्याहाळलं आणि मला हळूच विचारलं, "यांच्याकडं लग्न आहे का?"

बाबा स्वतः पांढरा शर्ट, स्वेटर आणि पांढरेशुभ्र कॅनव्हासचे बूट घालून निघाले.

फेस्टिव्हल एका मोठ्या मैदानावर होता. गेटवर छातीवर पत्र्याचा तारा लावलेला एक ढेरपोट्या, सिनेमातल्यासारखा शेरीफ उभा. त्याने हसून हात पुढे केला. त्याला हस्तांदोलन करायचं होतं. बाबांनी स्वेटरखालून कापडी पिशवी काढली आणि पासपोर्ट, आम्ही दिलेलं आमंत्रणपत्र आणि नवऱ्याचं बँक स्टेटमेंट ओळीने त्याच्या हातात ठेवलं. मी कपाळाला हात लावला. शेरीफ मात्र भला माणूस. त्याने प्रत्येक कागद गंभीरपणे वाचला, "ऑल इन ऑर्डर, सर" म्हणाला आणि आत सोडताना सगळ्यांना मारतात तसा बाबांच्या मनगटावर घोड्याच्या नालाचा शिक्का मारला.

"पासपोर्टवर काहून नाही मारला?" बाबा मला म्हणाले. त्यांना ते शेवटपर्यंत पटलं नाही.

मोठ्या तंबूत नवशिक्यांसाठी लाइन डान्स चालू होता. स्टेजवर गुलाबी बुटांतल्या एक बाई कानाला माइक लावून पावलं सांगत होत्या: उजवीकडे तीन, टाळी, डावीकडे तीन, टाळी, मग मागे, मग वळायचं. खाली शंभरेक माणसं एकमेकांच्या पायांवर पडत होती. कुणी उजवीकडे तर कुणी डावीकडे. बाबा पाहत राहिले. त्यांच्या कपाळावरची शीर उडायला लागली.

"यांनी अंतरच नाही घेतलं," ते म्हणाले.

मी भाजलेले बटाटे घ्यायला रांगेत उभी होते, तेवढ्यात मागून टाळी ऐकू आली. पाठोपाठ, माइकशिवाय अख्खं मैदान हलवणाऱ्या आवाजात, "सावधान."

वळून बघते तर बाबा स्टेजखाली, लोकांकडे तोंड करून. गुलाबी बाईंना वाटलं कुणी पडलं, त्यांनी गाणं बंद केलं. त्या शांततेत बाबांनी दोन्ही हात आडवे पसरून दाखवले. आणि काय सांगू, शंभर काऊबॉयांनी गुपचूप हात पसरून अंतर घेतलं. इंग्रजाला नाचता येवो न येवो, रांग येते. मग बाबा रांगांमधून फिरले. साडेसहा फुटांचा एक दाढीवाला, कमरेला दोन पिस्तुलं, पहिल्या रांगेत उभा होता. बाबांनी त्याला कोपराला धरून शेवटी नेऊन उभं केलं. तो "सॉरी" म्हणाला.

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. हातातले बटाटे सांभाळत मी धावले आणि गुलाबी बाईंना म्हणाले, "सॉरी, ही इज फ्रॉम इंडिया," जणू काही तो आजारच आहे. बाई हसल्या. म्हणाल्या, "मी तीन वर्षं यांना रांगेत उभं करायचा प्रयत्न करतेय. त्यांना विचार, काउंट करतील का?"

बाबांनी लेझमीसारखे आकडे दिले, एक ते आठ, मराठीत. तिसऱ्या गाण्याला शेजारचे आजोबा "पाच, सहा, सात, आठ" करत टाचा आपटत होते, आणि बाबा पहिल्या रांगेत, अगदी वेळेवर वळत होते. त्यांचा तो आवाज मी लग्नानंतरच्या सात वर्षांत कधी ऐकलाच नव्हता. मला फार बरं वाटलं. लाजही वाटली, कारण तो कुठे गेला असं मी कधी विचारलंही नव्हतं.

घरी आल्यावर चहा देताना मी म्हटलं, "बाबा, सोमवारचा फोन राहू दे आता. त्या बाईंचा दर बुधवारी क्लास असतो. शेजारचे आजोबा नेतील तुम्हाला."

"नाही पोरी. फोन कर. गुरुवारचंच कर."

"पण आवडलं ना तुम्हाला?"

"आवडलं म्हणून तर. आमच्याकडं सकाळी मैदानावर वीस-पंचवीस पेन्शनर येतात. बाकावर बसून नुसत्या बीपीच्या गोळ्यांच्या गोष्टी करतात. त्यांना उभं करतो." चहाचा घोट घेऊन ते म्हणाले, "कालपर्यंत तिकडं जाऊन तरी काय करायचं, हे मला कुठं ठाऊक होतं?"

सोमवारी मी फोन केला. पलीकडची मुलगी भलतीच तत्पर निघाली, गुरुवारची सीट लगेच देते म्हणाली. नक्की रिकामी आहे का, नीट बघा, असं मी तिला तीनदा म्हटलं. तिने तीनदा बघितलं. आहे म्हणाली.