ओनोरेच्या खोलीतला देवदार

फ्रान्समधल्या ग्रास गावच्या अत्तर कारखान्यात ओदेतबाई इस्नार अठ्ठावीस वर्षं वास तपासायला होत्या. तेल कागदाच्या पट्टीवर घ्यायचं, हुंगायचं, आणि नाक थकलं की आपल्याच बाहीत, कोपराच्या घडीत खुपसायचं. आम्ही सगळेच तसं करतो. स्वतःचा वास म्हणजे आमचं शून्य.

त्या वसंतात बाईंनी देवदाराच्या तेलाची तीन पिंपं लागोपाठ परत पाठवली. शेरा एकच : वास नाही.

"अहो बाई, पिंप उघडलं तर अख्ख्या गल्लीला कुणी पेन्सिली तासतंय असं वाटतं," कारखान्याचे मालक रूस्तांसाहेब म्हणाले.

"मग गल्लीला कामावर ठेवा."

साहेबांनी पंधरा दिवसांनी परीक्षा ठेवली. चुकल्या तर बाटल्यांना लेबलं चिकटवायची.

चूक मला सापडली, बाईंचा कोट खुंटीला अडकवताना. बाहीला देवदाराचा वास येत होता. नवरा ओनोरे सुतार. गेल्या हिवाळ्यात वारला. तेव्हापासून बाई त्याच्या कामाच्या खोलीतच झोपत, कपडेही तिथेच. देवदाराच्या ढलप्या त्यांनी झाडू दिल्या नव्हत्या.

"माणूस गेला तरी वास राहतो म्हणतात," बाई म्हणाल्या. "मला एकदाही नाही आला, ब्लांदीन."

"चोवीस तास त्यातच बसलात, तर कसा येईल?"

मी त्यांना माझ्याकडे नेलं, माझे धुतलेले कपडे दिले. बाराव्या दिवशी चष्मा आणायला आम्ही दोघी त्यांच्या घरी गेलो. त्यांनी खोलीचं दार ढकललं आणि उंबऱ्यातच थांबल्या.

"आलाय," त्या हळूच म्हणाल्या.

मला लाकडाचा वास आला. बाईंनी मात्र केस सारखे केले. पाचेक मिनिटांनी पुन्हा श्वास घेतला आणि चेहरा पडला. नाक सरावलं होतं.

परीक्षेत सातही पट्ट्या बरोबर ओळखल्या. साहेबांनी हात मिळवला. बाई माझ्याचकडे राहिल्या. दर रविवारी घरी जायचं, पाच मिनिटं उभं राहायचं, परत यायचं. नवऱ्याला इतक्या काटकसरीने भेटणारी बायको मी दुसरी पाहिली नाही.

नोव्हेंबरातल्या एका रविवारी अर्धा तास झाला तरी त्या बाहेर येईनात. मी पायरीवरून हाक मारली, "बाई, पुरे! नाक जाईल! नोकरीही!"

"जाऊ दे," आतून उत्तर आलं. "ओरडू नकोस. आत्ता कुठे तो माझ्याकडे तोंड वळवतोय."

आणि आतून कडी लागली.