जोडणारी पाचर

“म्याडम, हे काय? पुट्टी मारा, झाका हे,” नाना म्हणाले.

कडा गावाजवळच्या त्यांच्या नव्या बंगल्यात आम्ही सागवानी डायनिंग टेबल नुकतंच उभं केलं होतं. नाना बागायतदार, माजी सरपंच. दुसऱ्या दिवशी वास्तुशांती. मोबाईलवर इंग्लंडातल्या एका जुन्या जेवणघराचा फोटो दाखवून ‘असंच पायजे’ हे त्यांनीच सांगितलेलं. बीडच्या माझ्या वर्कशॉपला एरवी शोकेस आणि ऑफिसची टेबलंच मिळतात, म्हणून या कामात माझा जीव अडकला होता.

या स्टाइलला गॉथिक रिव्हायव्हल म्हणतात. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधले काही डिझायनर यंत्राच्या नकली नक्षीला विटले आणि मध्ययुगातल्या सुतारकामाकडे वळले. टोकदार कमानी, जाड लाकूड आणि मुख्य म्हणजे जोड लपवायचा नाही. आमच्या टेबलाची आडवी दांडी दोन्ही बाजूंच्या रुंद पायांतून आरपार बाहेर येत होती आणि तिच्या दोन्ही टोकांत एकेक लाकडी पाचर ठोकलेली होती. खिळा नाही, गोंद नाही.

नानांना नेमकी तीच खटकली. “काम आर्धं सोडल्यावानी दिसतंय. लोक हसतील.”

“पुट्टी मारली तर पाचर पुन्हा निघणार नाही, नाना.”

“पन काढायची कावून?”

बोलून पटेना. मी आमच्या मिस्त्रींना, सलीमभाईंना, वरची फळी उतरवायला सांगितली. खालून एक ठोका दिला. पाचर माझ्या हातात आली, दांडी सरकली, त्या बाजूचा पाय सुटा झाला.

“टेबल हलवायचं झालं की असं सुटं करायचं. शिवाय उन्हाळ्यात लाकूड सुकतं, जोड ढिला पडतो. तेव्हा वरून दोन ठोके. बस.”

नाना धोतर आवरून फरशीवर बसले, हातोडा मागितला आणि स्वतः सगळं जोडलं. मग दोन्ही हातांनी पाय गदागदा हलवून पाहिला. जागचा हलला नाही.

“राजकारणात आमी लई पाचरी मारल्या, म्याडम,” ते हसले. “जोडणारी आज पयल्यांदा मारली. ऱ्हाऊ द्या उघडी.”

मी बरेच क्लायंट पाहिलेत. मिस्त्रीसमोर आपला शब्द इतक्या मोकळेपणानं मागं घेणारा माणूस विरळाच.

वास्तुशांतीला त्यांनी प्रत्येक पाहुण्याला टेबलाखाली वाकायला लावलं. विरोधी गटाचे पुढारी, भाऊ, तेही आले होते. त्यांच्याही हातात हातोडा दिला, “हाना तुमी बी.”

पुढच्याच आठवड्यात भाऊ माझ्या वर्कशॉपवर हजर. “नानापेक्षा हातभर मोठं पायजे.”

तेव्हापासून मी नव्या क्लायंटला फोटो नंतर दाखवते. आधी हातोडा देते.