धाकटीचं कुलूप

धाकट्या जावेचं कौतुक ऐकत भाकरी थापणं ही वेगळीच शिक्षा असते. त्या वर्षी पाऊस कमी झाला होता. आमच्या गावात अशा वर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात आणि किती गुंठे कांदा लावणार ते प्रत्येक घरानं सांगायचं असतं. पण आधी बोलायला कुणी तयार नसतं, कारण शेजाऱ्याचा आकडा ऐकून जो तो आपला वाढवतो. यावर धाकटीनं तोडगा काढला. आकडा मोबाईलवर भरायचा, त्यापासून अक्षरांची एक लांब माळ तयार होते, ती गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची. माळ बघून आकडा कळत नाही. सभेत सगळ्यांचे आकडे उघड करायच्या दिवशी तो बदलताही येत नाही, कारण मग माळ जुळत नाही.

"धाकटीला लई डोकं हाय," सासरे गावभर सांगत सुटले. मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरबसल्या हेच काम करते. माझी अख्खी नोकरी असल्या कुलपांवर चालते. मला कुणी विचारलंसुद्धा नाही. माझा नुसता जळफळाट झाला.

दुपारी लॅपटॉप उघडला तो तिची चूक काढायलाच. फार शोधावं लागलं नाही. माळ नुसत्या गुंठ्यांच्या आकड्यापासून बनत होती, म्हणजे एका आकड्याची माळ कुणीही बनवली तरी तीच. लावून लावून माणूस कांदा लावणार तरी किती? शून्यापासून वरच्या सगळ्या आकड्यांच्या माळा बनवल्या आणि ग्रुपवरच्या माळांशी ताडून पाहिल्या. चहाला उकळी यायच्या आत सगळं गाव उघडं पडलं. प्रत्येक घरानं आपली एक लांबलचक गुप्त संख्या आकड्यात मिसळायला हवी होती, तेवढंच बाईसाहेब विसरल्या होत्या. कधी एकदा सासऱ्यांना सांगते असं मला झालं.

मग आमची आणि धाकटीची माळ पाहिली. शेताच्या वाटण्या झाल्यात, विहीर मात्र दोन्ही भावांची एकच. आमचा आकडा मला ठाऊक होता. धाकटीचा निघाला शून्य. दर वर्षी सगळ्या रानात कांदा करणारी ती. विहिरीचं पाणी पुरणार नाही, माझी डाळिंबाची बाग या उन्हाळ्यात जाणार, असं मी घरात तिच्यादेखत रोज बोलत होते.

ती गोठ्यात वैरण टाकत होती. "तुझं कुलूप उघडतंय," मी म्हणाले आणि कसं ते सांगितलं.

तिनं कपाळावर हात मारला. "सगळ्यांना परत भरायला लावते." मग थबकली. "ताई, आमचाही बघितला?"

"बघितला. आधी का नाही बोललीस?"

"आधी सांगितलं असतं, तर तुम्ही आमच्या वाटचं पाणी घेतलं असतं का?"

नसतं घेतलं. बाग वाळली असती तरी तिच्याकडून घेतलं नसतं, आणि हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिच्या डोक्याचं कौतुक मी कसंबसं गिळलं असतं. पण मोठेपणातही हिनंच पुढं जावं, याचा मला असा हेवा वाटला की तिच्याकडे बघवेना.