यानभाऊंचे दोन दवाखाने

दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्याशिवाय यानभाऊ कशालाच चांगलं म्हणायचे नाहीत. आमच्याकडे पहिल्यांदा पोहे खाल्ले, तेव्हा कौतुक ऐकायला मी समोरच उभी. तर हा बाबा म्हणतो, "आता खालच्या टपरीवरचं आनतो. दोनी बगाला पायजे." आणि खरंच जाऊन घेऊन आले. निकाल टपरीच्या बाजूने लागला. पुढचा आठवडाभर मी त्यांच्याशी बोलले नाही.

यानभाऊ मूळचे हॉलंडचे. उरणजवळ द्रोणागिरीच्या एका मोठ्या गोदामाचे साहेब म्हणून आले आणि नवी मुंबईत बोनकोड्याला आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहिले. बायको वारलेली, एकुलती मुलगी तिकडे. मराठी शिकले ती उरणकडच्या ड्रायव्हर लोकांकडून, त्यामुळे हा गोरापान, सहाफुटी माणूस तोंड उघडायचा तो थेट आगरीत. मी साताऱ्याची, मला ते वहिनीच्या ऐवजी वैनी म्हणायचे. सोसायटीच्या मीटिंगमध्ये ते बोलायला उठले की सेक्रेटरीसुद्धा हसू दाबत खाली बघायचे.

पाय मोडला तोही या सवयीपायीच. गोदामाबाहेर समोरासमोर दोन चहावाले. दोन्ही टपऱ्या एका फोटोत याव्यात म्हणून यानभाऊ मागे मागे सरकत गेले आणि उघड्या गटारात पडले. मांडीचं हाड गेलं. ड्रायव्हर पोरांनी उचलून टेम्पोत घातलं आणि जवळचा म्हणून सरकारी दवाखाना गाठला. त्यांचा फोन आला तसे आम्ही शेजारी धावलो.

खोटं कशाला सांगू, तिथली अवस्था बघवत नव्हती. पंखा नुसता आवाज करायचा, खाटेखाली मांजर, आणि संडासाबद्दल न बोललेलंच बरं. डॉक्टर मात्र गुणी पोरगी. जेवायचीही फुरसत नव्हती बिचारीला, तरी पाय नीट वजन लावून बांधला होता. शेजारच्या खाटेवर करंजा गावच्या एका मासेवाल्या काकूंचा नवरा होता. यानभाऊंना आणल्या आणल्या काकूंनी विचारलं, याचा मानूस कोन हाय? यानभाऊ म्हणाले, कोनी नाय. "मंग मी हाय," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी आपल्या डब्यातला कालवण-भात यानभाऊंच्या पुढ्यात ठेवला. आम्ही पोचलो तेव्हा अख्खा वॉर्ड त्यांच्या खाटेभोवती जमून सल्ले देत होता. कोणी म्हणे हळद पाजा, कोणी म्हणे पाय पूर्वेला करा. यानभाऊ सगळ्यांना हो म्हणत होते.

पण ऑपरेशनला नंबर लागायला वेळ होता आणि कंपनीचा विमा होता, म्हणून त्यांना वाशीच्या मोठ्या खासगी हॉस्पिटलात हलवलं. तिथे बटण दाबलं की खाट उठते. जेवणात काय हवं ते विचारायला वेगळी बाई. जो येईल तो हसून सेवा कशी वाटली विचारणार. यानभाऊंनी फोन केला. मला वाटलं, आता खूश असतील. तर म्हणाले, "बेड एक नंबर, वैनी. पन मानूस नाय."

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातून एका मुलीचा फोन. मॅडम, पेशंट कोऑपरेट करत नाहीत. माझा माणूस आल्याशिवाय ऑपरेशनला आत जाणार नाही म्हणतात. आणि उशीर झाला तर पाय आखूड राहील, असं सर म्हणाले आहेत. यानभाऊंच्या मुलीला व्हिसा मिळून ती पोचेपर्यंत आठवडा तरी जाणार होता. आता आली का पंचाईत!

आमच्या बिल्डिंगला अर्धवट काही जमत नाही. वॉचमन धरून सातजण निघालो, सोबत शहाळी, मऊ भाताचा डबा आणि देवाचा अंगारा. ऑपरेशनच्या पेशंटला पाणीसुद्धा देत नाहीत, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही. दारातच सिक्युरिटीवाल्याने अडवलं. पास एक, तोही जवळच्या नातेवाइकाला. मी पुढे झाले आणि ठणकावून सांगितलं, मी बहीण. त्याने एकदा माझ्या नऊवारीकडे पाहिलं, एकदा कॉम्प्युटरवरच्या यानभाऊंच्या फोटोकडे.

"तो बापावर गेलाय," मी म्हटलं. "मी आईवर."

पोरगं चांगलं होतं, मान खाली घालून पास दिला.

वर गेले तर यानभाऊ हिरव्या गाऊनमध्ये भिंतीकडे तोंड करून पडलेले. एवढा मोठा माणूस, पण हात बर्फासारखा गार. हळूच म्हणाले, बायको अशीच आत गेली होती आणि परत आली नाही. मला गोड बोलता येत नाही. म्हटलं, पोह्यांचा राग अजून गेलेला नाही माझा, तो काढायचाय, गुमान परत या. ते हसले आणि स्वतःच वॉर्डबॉयला म्हणाले, "चल."

ऑपरेशन लांबलं. बाहेरच्या गुबगुबीत सोफ्यावर मला टेकवेना. एकदाचे डॉक्टर आले, पाय सरळ झाला म्हणाले, आणि मला आत सोडलं.

यानभाऊंनी डोळे उघडले. जीभ जड झाली होती. किती जण आलेत, विचारलं. मी म्हटलं, सात. बाकीचे खाली बसलेत सकाळपासून, वर सोडत नाहीत.

त्यांनी डोळे मिटले. कडेने पाणी कानापर्यंत ओघळलं. मग घरच्या कर्त्या माणसासारखं म्हणाले, "त्यांना च्या पाजला का?"

मी पदर तोंडाला लावला आणि चहा सांगायला खाली गेले.