आत्याच्या वेबसाइटचं बिऱ्हाड

आमची आत्या शिलाई मशीनं दुरुस्त करते. चाळीस वर्षं करते आहे. तिच्या दुकानात दोन माणसं उभी राहिली की तिसऱ्याने दारातूनच बोलायचं, एवढी जागा. भिंतीला लागून लांब टेबल, त्यावर पोटं उघडून पडलेली मशीनं, आणि डाव्या कोपऱ्यात, तेलकट हात लागू नयेत म्हणून प्लास्टिक पांघरलेला संगणक. त्याच्या शेजारी काका, म्हणजे आत्याचे यजमान. निवृत्त झाल्यापासून ते बॉबिनी भरून देतात आणि आत्याच्या बोलण्यावर तळटीपा देतात.

त्या संगणकावरून आत्या अठरा वर्षं एक वेबसाइट चालवते. हे मला माहीत होतं, पण शेजाऱ्यांकडे मांजर आहे हे जसं माहीत असतं, तसं. मी स्वतः त्याच धंद्यातला. चष्म्याची दुकानं, शिकवणीवाले, दातांचे डॉक्टर यांना वेबसाइटी करून देतो. मी शिकलो त्या शाळेत संगणक एकच होता, त्याला हात लावायची मुभा फक्त हेडमास्तरांना होती, आणि त्यांना तो चालू करता येत नव्हता. तिथून इथवर आलेल्या माणसाला थोडी मिजास असायचीच. मला ती थोडीहून जरा जास्त होती.

तर एका सकाळी आत्याचा फोन आला. "अरे, माझी वेबसाइट जिथे ठेवली आहे ती कंपनी बंद होते आहे. महिनाअखेरीस शुक्रवारी दुपारी बाराला सगळं पुसणार म्हणतात. तीन आठवडे आहेत."

"होस्टिंग बदलायचं एवढंच ना, आत्या? मी येतो. अर्ध्या दिवसाचं काम."

"बरं," आत्या म्हणाली. मागून काकांचा आवाज आला, "कुठला अर्धा, ते विचार."

मी गेलो तो तक्ताच घेऊन गेलो. पाच कंपन्या, कोणाकडे किती जागा, कोणाचा वेग किती, पहिल्या वर्षाचा दर काय आणि दुसऱ्या वर्षी तोच दर कसा दुप्पट होतो, सगळं रंगीत. आत्याने चष्मा कपाळावरून खाली ओढला, तक्ता नीट वाचला आणि एका मशीनखाली सरकवला. तेल गळत होतं तिथे.

"हे सगळं त्यांनीच त्यांच्याबद्दल सांगितलेलं ना?"

"मग दुसरं कोण सांगणार?"

"मी विचारते." आणि तिने पाचही कंपन्यांना तेच एक पत्र लिहिलं. चार ओळींचं. मी अजून तुमच्याकडे आलेले नाही, पण उद्या सोडून जायचं झालं तर माझं सामान बाहेर कसं काढायचं, ते पायरीपायरीने कळवावे.

मी हसलो. "अगं आत्या, स्थळ बघायला गेल्यावर पहिल्याच भेटीत काडीमोड कसा मिळेल ते विचारतेस."

"मशीन घ्यायला गेलं की मी सुटे भाग किती वर्षं मिळतील ते विचारते," ती म्हणाली. "शिवतं कसं ते नाही विचारत. नवं असताना सगळीच शिवतात."

एका कंपनीने उत्तरादाखल सवलतीची जाहिरात पाठवली. दुसरीचा फोन आला, त्यावर पाव तास बासरी वाजली आणि बंद झाला. तिसरीचा माणूस मोठा गोड होता. "मॅडम, आमच्याकडून कोणी जातच नाही," म्हणाला. "दारच नसेल," काका बॉबिनीवरची नजर न काढता म्हणाले. चौथीने काहीच कळवलं नाही. पाचवीच्या मदत विभागातल्या एका मुलीने त्याच दिवशी दुपारी नऊ पायऱ्या लिहून पाठवल्या. साध्या भाषेत, क्रमाने. शेवटी लिहिलं होतं, याच पायऱ्यांनी दुसरीकडून आमच्याकडे येताही येईल. माझ्या तक्त्यात ही कंपनी पाचव्याच नंबरावर होती.

आत्याने तीच घेतली.

आता सामान. ते किती आहे हे मी तोवर पाहिलंच नव्हतं. उघडून बसलो. चार हजार तीनशे सोळा पानं. प्रत्येक पानावर कुणीतरी विचारलेला एक प्रश्न, विचारणाऱ्याच्याच शब्दांत. "सुई वर जाते ती रुसल्यासारखी खालीच येत नाही." "उलट्या बाजूला दोऱ्याचं घरटं होतं." त्याखाली आत्याचं उत्तर, आणि त्याखाली चित्र. रेघांच्या वहीतल्या कागदावर, बॉलपेनने काढलेलं, प्रत्येक प्रश्नासाठी नवं. दोरा कुठून निघतो, कोणत्या आकड्यात अडकतो, कुठे वळतो. चित्राखाली पुन्हा तेच सगळं शब्दांत, लांबलचक.

"आत्या, हे चित्रात दिसतंय तेच खाली परत लिहिलं आहेस. उगाच पाल्हाळ. हलवतोच आहोत तर काढून टाकू का? पान हलकं होईल."

"हात लावू नकोस," आत्या म्हणाली. एवढंच. तिच्या हातात पेचकस होता, म्हणून मी पुढे विचारलं नाही.

काम तसं सरळ होतं. चित्रं एका बाजूला, प्रश्नोत्तरं दुसऱ्या बाजूला एका मोठ्या फाइलमध्ये. दोन्ही जुन्या कंपनीकडून उतरवून घेतलं, नव्या कंपनीकडे चढवलं. नव्या कंपनीने तोवर एक तात्पुरता पत्ता दिला होता. म्हणजे जुनी वेबसाइट तिच्या नेहमीच्या नावावर चालू, आणि शेजारी तिची जुळी बहीण नव्या घरात. मी तो पत्ता उघडला, पहिली पाच पानं बघितली. झकास. बुधवारची सकाळ होती, पुसायला अजून दोन दिवस.

"झालं," मी म्हणालो. "आता नाव नव्या घराकडे वळवतो, जुनं बंद."

"थांब. चालवून बघितलंस?"

"पाच पानं उघडली की."

"ती तुझी चिंधी," आत्या म्हणाली.

तिच्या दुकानाचा एक नियम आहे. दुरुस्त झालेलं मशीन दुकानातल्या चिंधीवर चालवून द्यायचं नाही. गिऱ्हाइकाने स्वतःचं कापड आणायचं, स्वतःचा दोरा आणायचा, आणि आत्यासमोर स्वतः एक टीप मारायची. कापड विसरलेल्या बाईला तिने घरी परत पाठवल्याचं मी लहानपणापासून बघितलं आहे. चिंधीवर कुठलंही मशीन शहाण्यासारखं वागतं, म्हणते.

तर आत्याने त्या दिवशी सगळ्या गिऱ्हाइकांना कापड घेऊन बोलावलं. अठरा वर्षांत ज्याने ज्याने प्रश्न विचारला त्याचा ई-मेल पत्ता तिच्याकडे होता. तिने सगळ्यांना लिहिलं, बिऱ्हाड हलवते आहे, खालच्या पत्त्यावर जाऊन आपापलं पान उघडून बघा, दिसतं की नाही कळवा.

मी मनात म्हटलं, चारजण उत्तर देतील, त्यातला एक चुकून.

दुपारी जेवून आलो तेव्हा एकशे तीस उत्तरं आली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि वाचायला लागलो, आणि हळूहळू माझी मिजास कुठेतरी टेबलाखाली गेली. रुग्णालयाच्या धुलाई विभागातला माणूस होता, तो चादरींच्या कडा शिवायचा. त्याच्या मशीनची कंपनी बुडून वीस वर्षं झाली होती आणि त्या मशीनची माहिती जगात फक्त आत्याच्या सातशे नव्वदाव्या पानावर होती. होड्यांची शिडं शिवणारा एकजण होता. एक सर्कशीतला शिंपी, तो लिहितो, आम्ही कुठेही तंबू ठोकला तरी तुमचं पान आधी उघडतो. कित्येकांनी नुसतंच लिहिलं होतं, "आहे, मावशी. दिसतंय." जसं हजेरी घेताना म्हणतात.

"यांना तू भेटली आहेस?" मी विचारलं.

"मशीनं भेटली आहेत," आत्या म्हणाली.

मग दुकानातला फोन वाजला. काकांनी घेतला, ऐकलं, आणि आवाज मोठा करून टेबलावर ठेवला. बाईचा आवाज होता, खणखणीत.

"ताई, माझं पान नाही हो तिकडे. तीन हजार एकशे दोन. मी तीनदा शोधलं."

"नीट बघा ना," मी मध्येच म्हणालो. "वरच्या कोपऱ्यात—"

"बघता आलं असतं तर चित्राखालचं पाल्हाळ कशाला लागलं असतं मला?" बाई म्हणाली. "हा कोण?"

"भाचा आहे," आत्या म्हणाली. "संगणकातला."

"मग त्याला सांगा, मला दिसत नाही जन्मापासून. माझा फोन वाचून दाखवतो, मी ऐकते. तुम्ही चित्राखाली लिहिता ना, सुईपासून दोन बोटं डावीकडे, मग खाच लागेल, तिथे दोरा नखाने दाबा, त्यावर माझा धंदा चालतो. पडदे शिवते मी. नवं मशीन घेतलं परवा, त्याचं पान तीन हजार एकशे पाच. तेही नाही तिकडे."

मला कान लाल झाल्याचं कळलं. मी तीन हजारावरचं एकेक पान उघडायला लागलो. एकही नव्हतं. मागे मागे आलो. दोन हजार आठशे एकाहत्तरपर्यंत सगळं होतं आणि पुढे काहीच नव्हतं, कात्रीने कापल्यासारखं. जवळजवळ दीड हजार उत्तरं. मी सकाळीच जुनं बंद करायला निघालो होतो, आत्याचा निरोप घेऊन घरी जाऊन झोपणार होतो, आणि शुक्रवारी बारा वाजता ती जगातून गेली असती. कुणाला पहिल्या पाच पानांवरून पत्ताही लागला नसता.

"ताई, दुरुस्त झालं की कळवते," आत्या म्हणाली, आणि फोन ठेवून तिने त्या मदत विभागातल्या मुलीचं पत्र छापलेलं होतं ते खणातून काढलं. बोट ठेवत ठेवत वाचलं आणि माझ्यासमोर ठेवलं. सातवी पायरी. फाइल मोठी असेल तर ती चढताना मध्येच थांबते आणि तळाशी एक बारीक लाल ओळ येते. तसं झालं तर फाइलचे तुकडे करून चढवावेत.

"लाल ओळ आली होती?"

"बघितली नाही."

"पायऱ्या वाचल्या होत्यास?"

"सहापर्यंत," मी म्हणालो. खोटं कशाला बोला, तीनपर्यंतच वाचल्या होत्या. बाकीच्या येतच होत्या मला.

काका म्हणाले, "अर्धा दिवस झाला. आता दुसरा अर्धा."

आत्या रागावली नाही. तिने दुकानाचं दार लोटलं, स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली. मोठ्या फाइलचे आम्ही नऊ तुकडे केले. एक तुकडा चढवायचा, तळ बघायचा, मग त्या तुकड्यातलं शेवटचं पान उघडून आत्या ते पूर्ण वाचायची. पूर्ण. मी म्हटलं, नुसतं आहे की नाही बघ. ती म्हणाली, शेवटच्या टाक्यालाच उसवतं. गुरुवारी सकाळी पुन्हा बसलो. त्या निमित्ताने मीही वाचत गेलो. आणि एका पानावर थांबलो.

अकरा वर्षांपूर्वीचं पान होतं. उत्तरावर आडवी रेघ मारलेली, पण खालचं सगळं वाचता येईल अशी. वर आत्याने लिहिलं होतं: हे मी चुकीचं सांगितलं होतं. माझं ऐकून या गृहस्थांची सुई तुटली आणि बोटाला लागली. बरोबर उत्तर खाली आहे. चुकीचं मुद्दाम ठेवलं आहे, कारण असंच अजून कुणाला वाटू शकतं. मग शोधायला लागलो. अशी छत्तीस पानं सापडली. आमच्या धंद्यात चूक झाली की पान रात्रीतून बदलतात आणि जणू ते तसंच होतं असं सगळेच धरून चालतात. मी आत्याकडे बघितलं. ती जिभेचं टोक दाताखाली धरून चार हजार दोनशे सहावं पान वाचत होती. घरातल्या लग्नकार्यात ही बाई वाढायला उभी असते आणि आम्ही तिला "आत्या, पाणी आण" म्हणतो.

गुरुवारी दुपारी पडदे शिवणाऱ्या बाईंचा फोन आला. "ऐकलं दोन्ही," त्या म्हणाल्या. "एकशे पाच तर पूर्ण ऐकून दोरा ओवूनही बघितला. चालतंय. भाच्याला सांगा, आवाजावरून वाटतो तेवढा वाईट नाहीये." बाकीची उत्तरं येतच होती. सातशेच्या वर. आत्याने यादीवर खुणा केल्या, ज्यांचं उत्तर नव्हतं त्यांची पानं आम्ही दोघांनी वाटून घेऊन उघडली, आणि रात्री उशिरा ती म्हणाली, "वळव आता नाव."

मी वळवलं. पण त्याआधी नवव्या पायरीपर्यंत सगळं पत्र पुन्हा वाचलं. आत्तापर्यंत शंभरेक वेबसाइटी हलवल्या असतील, असं कधी केलं नव्हतं.

शुक्रवारी बारा वाजता जुनं घर पुसलं गेलं. आत्याने एका बाईचं मशीन उघडलं होतं, ते बंद केलं, तेलाचा हात पुसला आणि संगणकावर नवं पान उघडून मला खुर्ची दिली.

"चार हजार तीनशे सतरा," ती म्हणाली. "प्रश्न लिही. वेबसाइट एका कंपनीकडून दुसरीकडे कशी हलवावी. विचारणारे पुष्कळ असतील. ती मुलगी नऊ पायऱ्या कुणाकुणाला लिहीत बसेल?"

"हे शिलाईचं नाहीये, आत्या."

"लिही."

मी उत्तर लिहिलं, चांगलं दोन पानी. आत्याने वाचलं. "तुझी चूक कुठे आहे?"

मी चूक लिहिली. पहिल्यांदा "काही वेळा असं होऊ शकतं" असं लिहिलं होतं, ते तिने खोडायला लावलं. मग लिहिलं: मी तीन पायऱ्या वाचल्या आणि उरलेल्या येतात असं समजलो. पाच पानं बघून झालं म्हणालो. दीड हजार पानं राहिली होती.

"चित्र?"

रेघांच्या वहीचा कागद आणि बॉलपेन तिने आधीच काढून ठेवलं होतं. मी पडद्याची चौकट काढली, तळाशी लाल ओळ कुठे येते ते दाखवलं. बरं आलं होतं.

"आता खाली शब्दांत," आत्या म्हणाली आणि पुढचं मशीन उघडायला वळली.

मी लिहिलं, "तळाशी एक लाल ओळ दिसेल." वाचलं. खोडलं. ज्याला लाल म्हणजे काय ते माहीत नाही, त्याने ती कशी ओळखावी? मी डोळे मिटले, पडद्याच्या तळाशी बोट नेलं आणि पहिल्या शब्दापासून पुन्हा सुरुवात केली.