ओटी आणि अर्धी कॉट

हॉस्टेलच्या भाषेत मी पॅरासाईट होते. म्हणजे जिला स्वतःची कॉट मिळालेली नाही आणि जी दुसरीच्या कॉटवर चोरून राहते, ती. बारावीच्या जीवशास्त्रात हा शब्द मी जंतांसाठी शिकले होते. पहिल्यांदा कुणी मला उद्देशून म्हटलं तेव्हा असला संताप आला म्हणून सांगू! पण संताप करून जायचं कुठं? गप्प बसले. पुढं पुढं तर कुणी ‘ए पॅरासाईट’ म्हणून हाक मारली की मी सरळ ‘काय गं?’ म्हणायला लागले.

आमचं गाव पाथर्डीच्या पलीकडं, डोंगराच्या अंगाला. दिवाळीच्या मागंपुढं निम्मं गाव ऊसतोडीला निघतं आणि आमचं घर त्या निम्म्यात. आई, आप्पा, धाकटा भाऊ, सगळेच जातात आणि दाराला कुलूप लागतं. नगरला कॉलेजात माझा नंबर लागला तेव्हा आप्पांनी स्पष्ट सांगितलं, “दिवाळीपस्तोर ऱ्हायची सोय झाली तर शीक. न्हाई झाली तर चल आमच्यासंगं. कुलूप लावल्याल्या घरात एकटी पोर ठिवून मी जानार न्हाई.” मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. पण त्यांचं चुकत नव्हतं, हे मलाही कळत होतं. कॉट मिळाली तर कॉलेज, नाहीतर फडात कोयता, असा तो मामला होता.

हॉस्टेलची यादी लागली. माझं नाव वेटिंगला, तेही इतकं खाली की बघायला मला वाकावं लागलं. मग आप्पा आणि मी शहरात खोल्या बघत हिंडलो. नगर म्हणा नाहीतर आताचं अहिल्यानगर म्हणा, पोरींना खोली देताना सगळ्यांची तोंडं सारखीच. एका काकूंनी खोली दाखवली, कॉट दाखवली, चहासुद्धा टाकला, आणि मग आडनाव विचारलं. आडनाव ऐकल्याबरोबर त्यांना आठवलं की त्यांचा भाचा राहायला येणार आहे. दुसरीकडं मालक जिन्यात उभा राहून माझ्याकडं असा बघत होता की आप्पांनी माझा हात धरला आणि एक शब्द न बोलता मला खाली आणलं. पोरांचं बरं असतं. आमच्या गावचा एकजण अभ्यासिकेतच टेबलावर डोकं टेकून झोपायचा, दुसरा मित्राच्या पंक्चरच्या दुकानात. पोरीनं कुठं पडायचं?

ताई भेटली ती कॉलेजच्या नळावर. मी तोंड धुवायच्या नावाखाली रडत होते आणि ती बाटली भरत होती. श्रीगोंद्याकडची, शेवटच्या वर्षाला, आवाज असा की वर्गात माईक लागू नये. तिनं सगळं ऐकून घेतलं, मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाली, “अंगानं बारीक आहेस. मावशील.”

मावले मी. एका लोखंडी कॉटवर आम्ही उलट्या तोंडांनी झोपायचो, तिचे पाय माझ्या उशाशी आणि माझे तिच्या. एकीनं कूस बदलली की दुसरीला बदलायलाच लागायची. खोलीतल्या बाकीच्या दोघींनी कुरकुर केली, पण कुणाला सांगितलं नाही. हॉस्टेलात चपला खोलीबाहेर काढायची पद्धत होती आणि रेक्टर मॅडम चपलांवरून माणसं ओळखायच्या, म्हणून मी माझ्या चपला काखेत मारून आत न्यायची. संध्याकाळी हजेरीची घंटा झाली की मी गच्चीवर टाकीच्या मागं. तिथं बसून खालून येणारी नावं ऐकायची. सगळ्यांची नावं यायची, माझं तेवढं यायचं नाही, आणि ते आलं नाही म्हणूनच मी वाचायची.

भीती मला माझी नव्हती. नियम बोर्डावर मोठ्या अक्षरात लावलेला होता, जिच्या कॉटवर बाहेरची मुलगी सापडेल तिची कॉट रद्द. माझ्याकडं रद्द व्हायला होतंच काय? जाणार होती ती ताईची. तिचे वडील नव्हते आणि भाऊ तर वाटच बघत होता. हॉस्टेल सुटलं असतं तर त्यानं तिला महिन्याच्या आत उजवून टाकली असती. हे सगळं माहीत असून तिनं मला घेतलं. का म्हणून विचारलं तर म्हणायची, “मीपण पहिल्या वर्षी अशीच होते. गप झोप, पाय हलवू नको.” आपण पकडलो गेलो तर काय बोलायचं हे मी पाठ करून ठेवलं होतं. ‘मी आजच आले मॅडम, ताईला माहीत नव्हतं, तिची काही चूक नाही.’ मनातल्या मनात रोज घोकायची.

घरी मी सांगितलं होतं, हॉस्टेलात राहते. त्यात खोटं काय होतं? राहतच होते की. ताईनं आपल्या कॉटवर घेतलंय, हेही आईला सांगितलं होतं. आईच्या डोक्यात हॉस्टेल म्हणजे मॅडमचं घर. घर म्हटलं की पाहुण्या पोरीला कुणी आपल्या अंथरुणात घेणारच, त्यात चोरून ठेवण्यासारखं काय असतं हे तिच्या डोक्यात येण्यासारखंच नव्हतं. मीही कधी फोड करून सांगितलं नाही.

दिवाळीची सुट्टी संपवून मी परत आले आणि पाठोपाठ आमच्या गावची टोळी निघाली. सांगलीकडं, वाट नगरवरूनच. दुपारी प्रॅक्टिकल चालू असताना आमच्या खोलीतली एकजण धावत लॅबच्या दारात आली. तिच्या तोंडाकडं बघूनच मी हातातलं सगळं खाली ठेवलं. “अगं, तुझी आई आलीय,” ती म्हणाली, “मॅडमच्या ऑफिसात बसलीय.”

कशी पळाले ते मला माहीत नाही. ॲप्रन तसाच अंगावर. पळता पळता पाठ केलेलं सगळं घोकत होते, आजच आले, ताईला माहीत नव्हतं. दारात पोचले तर आई खुर्ची सोडून फरशीवर बसलेली, शेजारी पिशवी, आणि मॅडम टेबलामागं उभ्या. आई मोठ्या कौतुकानं बोलत होती.

“ती श्रीगोंद्याची पोर लई गुनाची हाय बरं का मॅडम. दिवाळीच्या आदीपास्नं हिला आपल्या खाटंवर घेतलंय तिनं. एका खाटंवर दोघी, पन कुरकुर म्हनून न्हाई. तिच्यासाठीबी शेंगाचे लाडू आनलेत मी.”

संपलं. माझं सगळं पाठांतर तिथंच दारात संपलं. आईनं एका दमात ताईचं गाव सांगितलं, कॉट सांगितली आणि कधीपासून तेही सांगितलं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडं बघितलं. त्या कधी ओरडायच्या नाहीत, म्हणूनच त्यांची जास्त धास्ती वाटायची. मला आईचा असा राग आला, असा राग आला, की तिथंच तिचा हात धरून तिला बाहेर ओढावी. कुणी सांगितलं होतं यायला? नीट जायचं होतं ना ट्रकमध्ये बसून!

आईला यातलं काहीच दिसलं नाही. तिनं पिशवीतून खण काढला, नारळ काढला, पदराच्या गाठीतली हळद-कुंकवाची पुडी सोडली. लेकरू कुणाच्या हवाली केलं की त्या बाईची ओटी भरून मगच निघायचं, ही आमच्या घरची रीत. लहानपणी भावाला मावशीकडं ठेवलं तेव्हा मावशीची भरली होती. त्यासाठीच ती डिझेलला थांबलेल्या ट्रकमधून उतरून, विचारत विचारत, कॉलेजापर्यंत चालत आली होती.

“अहो, राहू द्या,” मॅडम म्हणाल्या. “मला ओटी चालत नाही.”

आईला कळेना. मला कळलं. मॅडमचे मिस्टर जाऊन बरीच वर्षं झालीत हे हॉस्टेलातल्या प्रत्येक पोरीला माहीत होतं. गळ्यात मंगळसूत्र नाही हे आईनंही पाहिलं असणार, पण शिकलेल्या बायका घालत नसतील, असं तिनं धरलं होतं. मॅडम नुसत्या खाली बघत राहिल्या, तेव्हा कुठं आईच्या ध्यानात आलं. तिचा नारळ धरलेला हात तसाच राहिला.

“चुकलं बाई माजं,” ती म्हणाली. “मला काय ठावं.” बाहेर रस्त्यावर ट्रकचा हॉर्न वाजायला लागला होता. आईनं एकदा दाराकडं बघितलं, एकदा नारळाकडं. मग मला जेवायला बसवताना काढते त्याच आवाजात म्हणाली, “पन काढल्याली ओटी म्हागारी न्ह्यायची नस्ती. आन् एवढ्या लेकी संभाळता, मग तुमाला का चालू नये? धरा पदर.”

मॅडमनी धरला. मला वाटलं त्या आता तरी बोलतील, हिला घेऊन जा म्हणतील. त्या काही बोलल्या नाहीत. आईनं गहू घातले, खण ठेवला, नारळ ठेवला, लाडवांचा डबा टेबलावर सरकवला. माझ्या तोंडावरून हात फिरवला, “मॅडमचं ऐकत जा,” म्हणाली आणि पळतच गेली. हॉर्न थांबला नव्हता. मॅडम भरलेला पदर दोन्ही हातांनी धरून तशाच उभ्या, तो कुठं रिकामा करायचा ते त्यांना सुचत नव्हतं.

“तिला बोलव,” त्या म्हणाल्या.

ताई आली. नियम तिला वाचून दाखवायची गरज नव्हती. मी मध्येच बोलायला लागले, आजच आले, ताईला माहीत नव्हतं, आणि मॅडम म्हणाल्या, “तुझ्या आईनं आत्ताच सांगितलंय सगळं. निदान तिला तरी खोटं पाडू नकोस.” ताईचा चेहरा पांढराफटक पडला होता. आता ती हात जोडेल, रडेल, असं मला वाटत होतं. ती मॅडमच्या पदराकडं बघत होती.

“मॅडम,” ती म्हणाली, “ओटी घेतलीत तुम्ही.”

“मग? ओटी घेतली म्हणून नियम बदलतो?”

“तसं नाही. पण पोर हवाली करून गेल्यात त्या. हिला काढायचं तर ओटी परत द्यायला लागेल. आणि त्या तर गेल्या सांगलीला.”

इतकं उद्धट बोलणं मॅडमनी ऐकून घेतलेलं मी त्याआधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही नाही. मग मॅडमनी खण आणि नारळ उचलून कपाटावर ठेवला, गहू एका कागदावर ओतले आणि आमच्याकडं पाठ करूनच विचारलं, “कधी येते तुझी आई?”

“पट्टा पडला की,” मी म्हणाले. त्यांना कळलं नाही म्हणून सांगितलं, ऊस संपून कारखाना बंद झाला की. मार्चात, कधी एप्रिलात.

“ती आली की हे सगळं तिच्या हातात परत देणार. त्या दिवशी तू इथून जायचं. दुसऱ्या दिवशी नाही, त्याच दिवशी.” मग ताईला म्हणाल्या, “आणि तू माझ्याशी पुन्हा या आवाजात बोलायचं नाही.”

बाहेर आल्यावर ताई जिन्यातच बसली आणि हसायला लागली, आणि हसता हसता रडायला लागली. “तुझी आई म्हणजे ना,” एवढंच म्हणत होती.

त्या दिवसापासून मी हजेरीला गच्चीवर गेले नाही. खोलीतच बसायची. मॅडम यायच्या, नावं घ्यायच्या, माझ्यावर नजर न थांबवता पुढं जायच्या. पण माझा जीव आता उसाला बांधलेला, तो परीक्षेआधी संपला की माझी अर्धी कॉट गेली. परीक्षा एप्रिलात होती, ती आणखी पुढं ढकलली. श्रीगोंद्याकडचे कारखाने मार्चातच बंद व्हायला लागले, आणि ताई घरून ही बातमी घेऊन आली त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. मी आईला सारखे फोन लावायला लागले. कशी आहेस विचारायची आणि लगेच, ऊस किती राहिलाय? आईला त्याचा भारी आनंद. टोळीतल्या बायांना सांगायची म्हणे, माजी पोर लई काळजी करती, सारखी इचारती कवा येनार.

परीक्षा तोंडावर आली होती तेव्हाचा एक फोन. संध्याकाळची वेळ, मी पुस्तक घेऊन जिन्यात बसले होते.

“कुठला पट्टा पडतोय आत्ता,” आई म्हणाली. “ऊस लई हाय यंदा. मुकादम म्हंतो वैशाख निगल. ऊन तर असलं हाय बाई, पाचटाला हात लावू देईना. आन् माजा उजवा हात वरच व्हईना गं. कालपास्नं केसं तुज्या आप्पांनी इंचरून दिल्यात.”

“बरं झालं,” मी म्हणाले.

तोंडातून निघून गेलं. वैशाख निघेल एवढंच मी ऐकलं होतं, त्यापुढचं सगळं मागून कानात शिरलं.

“काय गं बरं झालं?”

परीक्षा, मॅडम, कपाटावरची ओटी, यातलं काय सांगणार होते तिला? तिनं स्वतःच उत्तर काढलं. “व्हय, बरंच की. काम हाय तवर बरंच म्हनायचं. तू नको काळजी करू, मी शेक घेती हाताला. अभ्यास कर. मॅडमला माजा नमस्कार सांग.”

फोन ठेवला आणि मी तिथंच जिन्यात बसून खूप रडले. माझी आई उन्हात एका हातानं मोळ्या बांधत होती. आणि खरं सांगते, रडतानासुद्धा ऊस संपू नये असंच मला वाटत होतं.