एका कार्डाला एक घोट

काकू हे पदवीच्या वर्गातल्या पोरींनी ठेवलेलं नाव. चाळिशी उलटलेली एकच बाई त्या वर्गात, मग दुसरं काय म्हणणार! निम्मा जन्म बालवाडीत गेला, कुणाचं नाक पूस, कुणाची चड्डी बदल. पण जी लहानगी बोलत नाहीत, नजर देत नाहीत, त्यांच्या वर्गावर राहायचं तर आता पदव्युत्तर पदवी हवी, असा शाळेनं हट्ट धरला. पदवी नाही तर वर्ग नाही. आणि त्या वर्गावाचून बाईंना चैन कुठली? निघाल्या या वयात दप्तर घेऊन.

इथे उठता बसता 'बालक' हा शब्द. फळ्यावर बालक, भिंतीवर बालक. खरं बालक मात्र मागच्या खोलीत, मोठ्या काचेपलीकडे. शिकवण्याच्या पाठाची परीक्षा तिथेच. परीक्षकांना काचेतून आतलं सगळं दिसतं, आतून परीक्षक दिसत नाहीत. त्या खोलीतली हमखास मुलगी म्हणजे चिमणी. पाच वर्षांची, तोंडात एक शब्द नाही. पेल्याचं चित्र असलेलं कार्ड हातात दिलं की पाणी मिळतं, एवढं तिला पक्कं येतं. दर परीक्षेला तीच, कारण ती कुणाला नापास होऊ देत नाही. दर वेळी तेच कार्ड, तोच पेला. पुढचं काही शिकवायला सवड आहे कुणाला?

आणि रीत काय, तर एका कार्डाला एकच घोट. पोटभर पाजलं तर पोर परत कशाला मागेल? मागितलं नाही तर गुण कशाचे? म्हणून आधी खारी बिस्किटं चारायची. हे शिकवणाऱ्या मॅडमनी अगदी सहज सांगितलं. काकूंना ते पटेना. पण पास-नापास मॅडमच्या हातात. बाई सरावात घोटघोट पाणी देत राहिल्या.

परीक्षेच्या दिवशी चिमणीची आई दारातच भेटली. "ताई, अजिबात काळजी करू नका हं. रात्रीपासून तिला पाण्याचा थेंब दिलेला नाही. मॅडमचा फोन आला होता. मस्त पास व्हाल!"

आणि हसत होती हो बाई! लेकीचा कुणाला तरी उपयोग होतोय, याचंच तिला कौतुक. चिमणीच्या ओठांचे पापुद्रे निघाले होते.

"घरी देते का ती कार्ड?" काकूंनी विचारलं.

"छे! घरी कुठलं कार्ड? आम्हाला कुणी शिकवलंच नाही. घरी नुसती रडते."

डोंबलाचं शिक्षण! काकूंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. शिसारी आली त्यांना, मॅडमची, त्या काचेची आणि स्वतःचीसुद्धा. खड्ड्यात गेली पदवी, असं मनाशी म्हणत त्या आत गेल्या आणि बिस्किटांची बशी लांब सारली. चिमणीनं कार्ड पुढे केलं. काकूंनी पेला काठोकाठ भरून तिच्या हातात दिला.

"पी बाळा. सगळं पी."

चिमणीनं एक घोट घेतला. पेला खाली ठेवला. कार्ड उचलून पुन्हा काकूंच्या हातात दिलं. मग आणखी एक घोट.

"अगं, तुझंच आहे ते सगळं!" काकूंचा आवाज फाटला. पण घोट की कार्ड, घोट की कार्ड, पोर काही थांबेना.

मॅडम आत आल्या त्या हात पसरूनच. "काकू, कमाल केलीत! भरला पेला समोर असूनही मागते! परीक्षक म्हणाले, असा पाठ आजवर बघितला नाही. पहिला नंबर तुमचाच, बघा!"

"रद्द करा तो पाठ."

"काहीतरीच काय! दमलात हो तुम्ही," म्हणत मॅडम पुढच्या पोरीला हाक मारायला गेल्या.

काकूंनी कार्ड टराटरा फाडून जमिनीवर फेकलं आणि पेला चिमणीच्या ओठांना लावला. ओठ घट्ट मिटलेले. चिमणी खाली वाकली, तिनं कार्डाचा एक तुकडा शोधून काढला आणि काकूंच्या हातावर ठेवला.